शनिवारी कुलूप लागलेली गाडी रविवारी पळवायची कशी? (फॉर्म्युला वन क्वालिफायिंगचे नियम, सेटअप आणि स्ट्रॅटेजी)

घाटवळण

२७ ऑक्टोबर २०१३. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, फॉर्म्युला वनची (एफ१) रेस. पुण्याहून रेल्वेने गेलेले मी आणि बाबा ग्रँडस्टँडमध्ये उन्हात बसलो होतो. व्हेटेल पोलवरून, म्हणजे पहिल्या जागेवरून सुटला, दोन लॅप पुढे राहिला आणि थेट पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या जागी वळला. आमच्या आजूबाजूला एकच कालवा. "गेली गाडी!" "पंक्चर झालं वाटतं!" बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मलाही सांगता येईना. तो बाहेर आला तेव्हा सतरावा होता. साठ लॅपची ती रेस त्याने जिंकली आणि त्याच दिवशी चौथं विश्वविजेतेपदही घेतलं.

गाडीला काहीच झालं नव्हतं हे मला रात्री हॉटेलवर परतल्यावर, दोन-तीन लेख वाचून कळलं. २०१० ते २०१३ या चार वर्षांत नियम असा होता: शनिवारच्या क्वालिफायिंगमध्ये रेसला कोण कितव्या जागी सुटणार ते क्यू१, क्यू२, क्यू३ अशा तीन टप्प्यांत ठरतं; त्यातल्या शेवटच्या क्यू३मध्ये पोचलेल्या दहा जणांनी ज्या टायरवर तिथला सर्वोत्तम वेळ दिला, त्याच टायरवर रेस सुरू करायची. शिवाय कोरड्या रेसमध्ये दोन्ही प्रकारचे टायर, मऊ (सॉफ्ट) आणि जरा कडक (मीडियम), वापरायचे. बुद्धवर त्या वर्षी सॉफ्ट टायर काही लॅपमध्येच सोलवटत होता. व्हेटेलने सॉफ्टवर पोल घेतला, म्हणजे सुरुवात सॉफ्टवर करणं आलंच. मग त्याच्या संघाने, रेड बुलने, काय केलं? दोन लॅपमध्ये सॉफ्टची सक्ती उरकून टाकली आणि उरलेली सगळी रेस मीडियमवर काढली. त्याच संघाच्या वेबरने दुसरा मार्ग धरला होता. त्याने क्यू३ मीडियमवर केलं, चौथ्या नंबरवर समाधान मानलं आणि रविवारी मीडियमवर सुरुवात केली. पुढे अल्टरनेटर गेला नसता तर दोन्ही मार्ग शेवटी कुठे येऊन मिळाले असते ते दिसलं असतं. तिकडे लोटसने क्यू१ मीडियमवरच निभावून न्यायचा प्रयत्न केला, त्यांचा ग्रोजाँ बाहेर पडला, सतरावा सुटला, आणि एकाच पिटस्टॉपमध्ये तिसरा आला!

त्या दिवसापासून मी क्वालिफायिंगकडे वेगळ्या नजरेने बघतो. शनिवारचा नियम एका ओळीने बदलला तर रविवारची गाडी बदलते, असं माझं ठाम मत आहे. आणि हा विषय मराठीत कुठे नीट चर्चिलेला दिसत नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्वालिफायिंगसाठी गाडी पिटलेनमधून बाहेर पडली की 'पार्क फर्मे' लागू होतं, म्हणजे सेटअपला कुलूप. पुढच्या पंखाच्या फ्लॅपचा कोन बदलता येतो, हवामान बदलल्याचं अधिकृतपणे जाहीर झालं तर ब्रेकच्या हवेच्या वाटा बदलता येतात, आणखी अशाच किरकोळ गोष्टी. स्प्रिंग, डॅम्पर, कॅम्बर (चाकाचा कल), मागचा पंख यांना हात लावायचा नाही. लावलात तर रेस पिटलेनमधून सुरू करा. गंमत म्हणजे क्वालिफायिंगला टाकीत जेमतेम काही किलो इंधन असतं आणि रेसच्या सुरुवातीला शंभर किलोच्या आसपास (२०२५पर्यंतचा आकडा). दर दहा किलोला लॅपमागे साधारण तीन दशांश सेकंद जातात. म्हणजे एकच सेटअप, पण गाड्या दोन: एक पिसासारखी, दुसरी तिच्याहून लॅपमागे तीन सेकंदांनी हळू आणि जमिनीला टेकायला आलेली.

तुमचे अनुभव, आठवणी, मतभेद सगळं येऊ द्या.

नवखी

मस्त धागा! मी दोनच वर्षं झाली बघायला लागले, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. अख्खी रात्र हाताशी आहे, मेकॅनिक आहेत, मग गाडी का नाही बदलू द्यायची? शनिवारी पाऊस आणि रविवारी कडक ऊन असेल तर हे क्रिकेटमध्ये नाणेफेकीला अकरा जणांची नावं देऊन बसल्यासारखं झालं. पाचव्या दिवशी खेळपट्टी फिरायला लागली तरी बाकावरचा फिरकीपटू आत आणता येत नाही.

जुनापंखा

नवखी, तुमची उपमा अगदी चपखल आहे. पण नावं का द्यायची, तेही ऐका.

ऐंशीच्या दशकात शनिवारची गाडी आणि रविवारची गाडी खरोखरच वेगळी असायची. बीएमडब्ल्यूचं दीड लिटरचं टर्बो इंजिन घ्या. क्वालिफायिंगसाठी त्याचा बूस्ट इतका वाढवत, की त्या वेळच्या डायनोवर ताकद मोजताच येत नसे. तेराशे अश्वशक्तीच्या वर होती असा अंदाज सांगतात. ते इंजिन दोन-चार लॅप जगलं की काम झालं. सोबत क्वालिफायिंगचे खास टायर, एका लॅपपुरते. पहिल्या वळणाला जरा जास्त ताणलेत तर शेवटच्या वळणाला पकड संपलेली. ड्रायव्हरला एकच संधी, तीही ट्रॅकवर गर्दी असताना. हे टायर १९९१नंतर गेले. पण संध्याकाळी गाडी उघडायची, सगळं बदलायचं, रविवारी सकाळच्या वॉर्म-अपमध्ये तपासायचं, ही पद्धत २००२पर्यंत चालली. ज्याच्याकडे पैसा, माणसं आणि सुटे भाग जास्त, त्याचा शनिवार चांगला. लहान संघांचे मेकॅनिक तर रात्र-रात्र झोपत नसत.

२००३मध्ये कुलूप आलं, आणि एकटं आलं नाही. एकाच लॅपचं क्वालिफायिंग, तेही रेसच्या इंधनासकट! म्हणजे पोल म्हणजे सर्वांत वेगवान गाडी, हे समीकरणच मोडलं. कमी इंधन भरलं तर पुढे सुटाल, पण लवकर पिटमध्ये याल. जास्त भरलं तर उलट. शनिवारचा वेळ बघून कोणाच्या टाकीत किती असेल याची गणितं आम्ही वहीत मांडायचो. शेजारचे काका आणि मी, दोघंही कॅल्क्युलेटर घेऊन.

२००५ला त्यावर कडी केली. क्वालिफायिंग आणि पूर्ण रेस एकाच टायरच्या संचावर. न्यूरबर्गरिंग आठवतं? रायकोनेन आघाडीवर होता. ब्रेक लॉक होऊन त्याच्या पुढच्या टायरवर सपाट चट्टा पडला. टायर बदलायची सोय नव्हती, म्हणजे बदललाच असता तर रेस हातची गेली असती. चाक लॅपामागून लॅप थरथरत राहिलं. टीव्हीवर ते कंपन डोळ्यांनी दिसत होतं. शेवटच्या लॅपला, पहिल्याच वळणावर सस्पेन्शन तुटलं. अलोन्सो जिंकला. मी टीव्हीसमोर उभा राहिलो होतो, अजून अंगावर काटा येतो.

२००६ला आजची क्यू१, क्यू२, क्यू३ ही नॉकआउट पद्धत आली, पण क्यू३मध्ये रेसचं इंधन भरूनच जायचं आणि तिथे जाळलेलं इंधन लॅपच्या हिशेबाने परत मिळायचं. म्हणून क्यू३ सुरू झालं की सगळे नुसतेच फिरत बसायचे, इंधन जाळून गाडी हलकी करायला. एक लॅप जास्त मिळाला तर शेवटच्या फेरीला गाडी तेवढी हलकी आणि तेवढं इंधन परत. २००७च्या हंगेरीतला मॅक्लॅरेनचा तमाशा याच एका लॅपवरून झाला. संघाच्या दोन ड्रायव्हरांपैकी तो जादा लॅप त्या शनिवारी अलोन्सोला मिळायचा होता. हॅमिल्टनने त्याला पुढे जाऊ दिलं नाही. मग पिटमध्ये अलोन्सो थांबूनच राहिला, मागे हॅमिल्टन अडकला, आणि हॅमिल्टनची शेवटची फेरी वेळेत सुरूच झाली नाही. अलोन्सोला पाच जागांची शिक्षा, संघाचे त्या रेसचे कन्स्ट्रक्टर्सचे (संघांच्या विजेतेपदाचे) गुण गेले. लोक त्याला दोघांच्या अहंकाराची गोष्ट म्हणतात. मी म्हणतो, तो नियम नसता तर भांडायला तो लॅपच नसता.

आणि आपली फोर्स इंडिया, भारतीय मालकीचा संघ! २००९, बेल्जियममधलं स्पा. फिसिकेला पोलवर. त्या वर्षी क्वालिफायिंगनंतर प्रत्येक गाडीचं वजन जाहीर करायचे. सगळ्यांना वाटलं टाकी रिकामी ठेवून हवा केली असणार. वजनांचा तक्ता आला आणि गाडी पुढच्या बाकीच्यांच्या मानाने काही फार हलकी नव्हती. रविवारी तो शेवटपर्यंत रायकोनेनच्या मागे चिकटून दुसरा आला. संघाचे ते पहिलेच गुण. त्या संध्याकाळी डोंबिवलीत मी पेढे वाटलेत.

घाटवळण

जुनापंखा, काय लिहिलंत! पेढ्यांचं वाचून बाबांना फोन करून सांगितलं.

कॅम्बर

मी चाकणला सस्पेन्शनच्या टेस्टिंगमध्ये काम करते, रोजच्या गाड्यांच्या. तरी उंची आणि स्प्रिंग हा माझा जिव्हाळ्याचा विषय, म्हणून घाटवळण यांनी "जमिनीला टेकायला आलेली" असं लिहिलंय त्यावर जरा सविस्तर.

२०२२पासूनच्या गाड्यांना पकड मुख्यतः तळातून मिळायची. तळ जमिनीच्या जितका जवळ तितकं डाउनफोर्स, म्हणजे हवेचा गाडीला खाली दाबणारा जोर जास्त, म्हणून प्रत्येक इंजिनिअरला गाडी आणखी दोन मिलिमीटर खाली हवी असते. पण तळाखाली एक फळी असते, नवी असताना १० मिमी जाडीची. रेसनंतर मोजताना ती ९ मिमीच्या खाली गेलेली चालत नाही. गाडी फार खाली बसवलीत तर प्रत्येक उंचवट्याला ती घासते.

आता २०२३चं अमेरिकेतलं ऑस्टिन बघा. स्प्रिंटचा वीकेंड, म्हणजे शनिवारी एक छोटी जादा रेस. तेव्हाचा नियम असा की शुक्रवारी एक तासाचा एकच सराव आणि लगेच त्याच दिवशी क्वालिफायिंग, म्हणजे कुलूप. ऑस्टिनचा ट्रॅक खडबडीत, जमीन खचून लाटा झालेल्या. त्या एका तासात तुम्ही टायर बघणार, पंख बघणार, की पूर्ण टाकी भरून लांब फेऱ्या मारून फळी किती घासते ते बघणार? आणि एकदा कुलूप लागलं की शनिवारी कळूनसुद्धा उपयोग नाही, कारण उंची बदलता येत नाही. रविवारी हॅमिल्टन दुसरा आला, लेक्लेर सहावा. चार गाड्यांची फळी तपासली. व्हर्स्टापेन आणि नॉरिस पास. हॅमिल्टन आणि लेक्लेर दोघंही बाद. मर्सिडीज आणि फेरारीसारख्या संघांना गाडीची उंची कळत नाही असं कोणी म्हणेल का? चूक अंदाजाची होती, आणि अंदाजावर जायला नियमाने भाग पाडलं होतं.

त्याच रेसमधली दुसरी बाजू कमी लोकांना आठवते. ॲस्टन मार्टिन आणि हास यांनी आपला सेटअप चुकलाय हे मान्य करून कुलूप तोडलं, गाड्या बदलल्या आणि पिटलेनमधून सुरुवात केली. स्ट्रोल सगळ्यात मागून सुटून नववा आला, दोघं बाद झाल्यावर सातवा. मला तो निर्णय फार आवडला होता. शनिवार गेलाय हे वेळेवर ओळखणं ही इंजिनिअरची मोठी परीक्षा असते.

दुसरा मुद्दा टायर गरम करण्याचा. एका लॅपसाठी टायर पहिल्या वळणापासून तापलेला हवा. लांब पल्ल्यासाठी तोच टायर थंड राहायला हवा. या दोन मागण्या एकाच कॅम्बरवर, एकाच टो-ॲन्गलवर (चाकाचं टोक आत-बाहेर किती वळलंय तो कोन), त्याच स्प्रिंगांवर भागवायच्या. २०१३च्या मर्सिडीजने शनिवारची बाजू घेतली होती. बार्सिलोनाला रोजबर्ग आणि हॅमिल्टन पहिल्या दोन जागांवर. रेस संपली तेव्हा रोजबर्ग सहावा, हॅमिल्टन बारावा! मागचे टायर भाजून निघाले होते. पाचवा सुटलेला अलोन्सो जिंकला. आम्ही ऑफिसात ती रेस टायर तापण्याचं उदाहरण म्हणून नव्या मुलांना दाखवतो.

नवखी

कॅम्बरताई, मग इंजिनिअरने नेहमी रविवारचीच बाजू का घेऊ नये? गुण तर रविवारी मिळतात.

घाटवळण

ताईंच्या आधी मी उत्तर देतो, कारण याला ट्रॅक विचारावा लागतो. मोनॅकोला रविवारची बाजू घेणं म्हणजे आत्मघात. २०१८ला रिकार्डोने पोल घेतला, रेसमध्ये त्याची एमजीयू-के (इंजिनाला जोड देणारी विजेची मोटर) बंद पडली, साधारण पाव ताकद गेली. तरी अठ्ठ्याहत्तर लॅप कोणीही त्याला ओलांडू शकलं नाही. तसलीच गाडी घेऊन त्याच संघाचा व्हर्स्टापेन शेवटून सुटला, कारण शनिवारी सकाळच्या सरावात त्याने ती भिंतीवर घातली आणि क्वालिफायिंगला गाडी तयारच झाली नाही. तो नववा आला. एकच गाडी, एकच रविवार, फरक फक्त शनिवारचा. म्हणून मोनॅकोला सगळे मऊ टायर झटकन तापवणारा सेटअप घेतात आणि रेसमध्ये सावकाश चालवून निभावतात.

स्पा त्याच्या उलट. मधल्या सेक्टरची वळणं लवकर घ्यायला मोठा पंख हवा, त्याने शनिवारचा वेळ चांगला येतो. पण रविवारी केमेल स्ट्रेटवर मागचा सहज ओलांडून जातो. बारीक पंख लावलात तर चार जागा मागे सुटाल, पण तुम्हीच ओलांडणारे व्हाल. दर वर्षी स्पाच्या शुक्रवारी पिटलेनमध्ये पंख बदलताना दिसतात ते यासाठीच.

२०११च्या मोन्झाला रेड बुलने मोठं धाडस केलं होतं. छोटे गिअर आणि जास्त डाउनफोर्स. सरळ रस्त्यावर व्हेटेलची गाडी सगळ्यात हळूंपैकी एक होती. मोन्झासारख्या ठिकाणी! हिशेब असा की क्वालिफायिंगमध्ये डीआरएस (सरळ रस्त्यावर वेग वाढवायला मागच्या पंखाची उघडणारी पट्टी) कुठेही उघडायची मुभा होती (ती २०१३पासून गेली), त्यामुळे पोल मिळेल, आणि पुढे सुटल्यावर कोणाला ओलांडायचंच नाही. सुरुवातीला अलोन्सो पुढे गेला तेव्हा तो हिशेब कोसळतोय असं वाटलं. पण व्हेटेलने कुर्वा ग्रांदेला दोन चाकं गवतावर घालून त्याला बाहेरून ओलांडलं आणि रेस संपवली. ते ओव्हरटेक बघताना सेटअपचा हा भाग डोक्यात ठेवून बघा, छातीत धडधडतं.

कार्टवाला_कोल्हापूर

वाचतोय, सगळंच भारी. आमच्या धुळीतली गोष्ट सांगतो. कार्टिंगला पंख नाही, इंधनाचा फरक नगण्य, तरी हीच कुस्ती टायरमधल्या हवेशी असते.

क्वालिफायिंग काही मिनिटांचं. टायर गार. हवा जास्त भरली की टायर लवकर तापतो, दुसऱ्या-तिसऱ्या लॅपलाच पकड येते. तोच दाब रेसला ठेवला तर टायर अति तापतो, मागचं टोक सुटायला लागतं. म्हणून क्वालिफायिंगला दोन पीएसआय जास्त आणि रेसच्या आधी ते काढून टाकायचे. काढणं म्हणजे काय, तर गुडघ्यावर बसायचं, गेज लावायचा, व्हॉल्व्हच्या पिनवर नखाने टिचकी. फुस्स. परत गेज. पुन्हा टिचकी. चारी चाकांना. मे महिन्यात डांबर इतकं तापतं की सावलीत मोजलेला दाब ग्रिडवर जाईस्तोवर बदललेला असतो. म्हणून आम्ही गोणपाट ओलं करून टायरवर टाकतो.

एका स्पर्धेत मी दुसरा क्वालिफाय झालो आणि आनंदाच्या भरात हवा कमी करायची राहिली. पहिले पाच लॅप मीच सगळ्यात वेगवान. सहाव्या लॅपला हेअरपिनला मागची दोन्ही चाकं अशी घसरली की साबणावर पाय पडावा. त्यानंतर प्रत्येक वळणाला एकेक जण आतून गेला. आठवा आलो. धाकट्या भावाने तेव्हापासून जाड मार्करने प्रत्येक टायरवर दोन आकडे लिहायला सुरुवात केली, वर शनिवारचा, खाली रविवारचा. आमचं क्वालिफायिंग रविवारीच सकाळी असतं, तरी नाव तेच पडलंय.

तेव्हा पार्क फर्मे म्हणजे काय ते मला अंगाने कळतं. माझ्या हातात टिचकी मारायची सोय होती आणि तरी मी चुकलो. ज्यांना कुलपामुळे टिचकीच मारता येत नाही त्यांनी आदल्या दिवशी किती विचार करावा लागत असेल!

जुनापंखा

कार्टवाले, "वर शनिवारचा, खाली रविवारचा" हे वाक्य लक्षात राहील.

शिकागोकर

इकडची भर घालतो. दर मे महिन्यात आम्ही चार मराठी घरं मिळून गाडीने इंडियानापोलिसला जातो. इंडी ५००चं क्वालिफायिंग रेसच्या आठवडाभर आधी असतं, आणि तिथे नियम उलट आहे: गाडी बदला, हवी तेवढी बदला. क्वालिफायिंगसाठी टर्बोचा बूस्टसुद्धा जास्त देतात. अडीच मैलांच्या ओव्हलचे सलग चार लॅप, त्यांची सरासरी. २०२३ला ॲलेक्स पलूने ताशी २३४.२१७ मैलांच्या सरासरीने पोल घेतला, म्हणजे ताशी सुमारे ३७७ किलोमीटर.

त्यासाठी पंख इतके सपाट करतात की गाडी जेमतेम जमिनीला धरून असते. पहिला लॅप सगळ्यात वेगवान, मग टायर जातात, चौथ्या लॅपला ड्रायव्हर कॉकपिटमधून अँटी-रोल बार (गाडीचं कलणं आवरणारा दांडा) सतत फिरवत असतो. रेसला परत पंख उभे, कारण तीस-बत्तीस गाड्यांच्या हवेत चालवायचं असतं. म्हणजे इथे दोन गाड्यांना दोन सेटअप मिळतात.

पण जागा तेहतीस. २०१९ला खुद्द अलोन्सो बाहेर राहिला! मॅक्लॅरेनने नंतर स्वतःच कबूल केलं की एका प्रयत्नात गिअर चुकीचे बसवले गेले होते. मी स्टँडमध्ये होतो. छोट्याशा संघाच्या कायझरने शेवटच्या प्रयत्नात त्याला मागे टाकलं तेव्हा आमच्या शेजारची आजी रडत होती. आनंदाने की दुःखाने ते विचारलं नाही.

नवखी

मग शिकागोकरांची पद्धत एफ१मध्ये का नको? कुलूप काढा. ऑस्टिनसारखं परत होणार नाही.

कॅम्बर

निम्मं काढलंय, नवखी. २०२४पासून स्प्रिंटच्या वीकेंडला शनिवारी सकाळची स्प्रिंट झाली की कुलूप उघडतं, सेटअप बदलता येतो, मग मुख्य क्वालिफायिंगला पुन्हा लागतं. शुक्रवारचा एक तास पूर्ण वीकेंडचं भवितव्य ठरवत नाही. हा बदल मला शंभर टक्के पटतो. पण शनिवार संध्याकाळ ते रविवारचं कुलूप काढू नये. काढलं की पुन्हा एका लॅपपुरते भाग बनवायला सुरुवात होईल. इंजिनांचं तेच झालं होतं. मर्सिडीजकडे क्वालिफायिंगला जास्त ताकद देणारा मोड होता, लोक 'पार्टी मोड' म्हणायचे. शेवटी २०२०च्या मोन्झापासून क्वालिफायिंग आणि रेस एकाच मोडवर, असा हुकूम निघाला. हॅमिल्टनने तरीही तिथेच १ मिनिट १८.८८७ सेकंदांचा, तेव्हाचा सर्वांत वेगवान लॅप मारून पोल घेतला हे वेगळं.

जुनापंखा

मी इथे असहमत. पावसासाठी तरी सूट हवी. भिजलेल्या शनिवारी कोणी रविवारच्या उन्हाचा सेटअप लावून मागे सुटतो, कोणी पावसाचा लावून पुढे सुटतो आणि रविवारी लॅपागणिक मागे जातो. त्यात कौशल्यापेक्षा वेधशाळेवर किती विश्वास ठेवला तेच दिसतं. हवामान बदललं असं जाहीर झाल्यावर ब्रेकच्या हवेच्या वाटा बदलू देता, मग गाडीची उंची का नाही?

कॅम्बर

कारण उंचीला हात लावू दिला की त्या सबबीखाली बाकीचं सगळं बदलेल, आणि तपासणार कोण? २०१०मध्ये इंधन भरणं बंद झालं तेव्हा रेड बुल शनिवारी खाली आणि रविवारी वर बसते असा संशय होता. तपासण्या झाल्या, काही सापडलं नाही, आणि आपोआप उंची राखणारी यंत्रणा बेकायदा आहे असा खुलासा काढावा लागला. नुसत्या संशयाने सगळा पॅडॉक ढवळला होता.

जुनापंखा

मान्य, तपासणं अवघड आहे. पण अवघड म्हणून अन्याय्य ठेवायचं हे मला पटत नाही. मी माझं मत सोडत नाही.

घाटवळण

दोघांचंही पटतंय, त्यामुळे मी टायरवर येतो. तिथे मला खरी हळहळ आहे.

२०१४ ते २०२१ नियम बदलून क्यू२च्या टायरवर सुरुवात करायची, असा होता. त्यामुळे क्यू२मध्ये मोठे संघ मीडियमवर वेळ काढायचा प्रयत्न करायचे. आणि अकरावा असणं दहावा असण्यापेक्षा बरं असायचं, कारण अकराव्याला टायर हवा तो आणि नवा मिळायचा. २०२१ची अबू धाबी सगळ्यांना शेवटच्या लॅपसाठी आठवते. मला शनिवार आठवतो. व्हर्स्टापेनने क्यू२मध्ये मीडियमवर ब्रेक लॉक केले, टायरवर चट्टा पडला, मग सॉफ्टवर वेळ दिला आणि रेस सॉफ्टवर सुरू करावी लागली. हॅमिल्टन मीडियमवर. विजेतेपदाच्या रेसचा अर्धा आराखडा एका लॉक झालेल्या चाकाने ठरवला.

त्याच्याही आधी, २०११च्या चीनमध्ये वेबर क्यू१मध्येच बाहेर पडून अठरावा सुटला. पण त्याच्याकडे न वापरलेले सॉफ्ट टायर भरपूर उरले होते. शेवटच्या टप्प्यात तो पुढच्यांना असा ओलांडत गेला की तिसरा आला.

२०२२पासून सगळ्यांना हवा तो टायर. नियम सोपा झाला, मान्य. पण मधल्या संघांच्या हातातलं ते एकच हत्यार गेलं. दहावा आणि अकरावा एकाच प्रकारे विचार करायला लागले. माझ्या मते तो नियम परत आणायला हवा, फक्त पहिल्या दहा जणांसाठी.

कार्टवाला_कोल्हापूर

घाटवळण, +१. भारतातल्या पोरांसाठी आणखी एक सांगतो. एफ२मध्ये, म्हणजे एफ१च्या खालच्या पायरीवर, क्वालिफायिंगमधले पहिले दहा स्प्रिंट रेसला उलटे सुटतात, म्हणजे दहावा पोलवर. आपल्या मुंबईचा जेहान दारुवाला तिथे बरीच वर्षं होता. नववा-दहावा आलेला पोरगा शनिवारी पुढून सुटतो, पण रविवारी मुख्य रेसला परत दहाव्या जागी. सेटअप लावताना दोन्ही डोक्यात ठेवायचं. वीस-बावीस वर्षांच्या पोरांना!

नवखी

बापरे, एवढं सगळं! मग येत्या शनिवारी मी नेमकं काय बघू? सगळं एकदम नाही जमणार.

जुनापंखा

दोनच गोष्टी बघा. क्वालिफायिंगमध्ये गाडी गॅरेजमध्ये परत आली की पुढच्या पंखापाशी वाकलेल्या मेकॅनिककडे लक्ष ठेवा. हातात छोटं हत्यार असतं, ते किती फिरवतो आणि कोणत्या दिशेला. ट्रॅकची पकड वाढत जाते तसा फ्लॅप बदलत जातो. कुलूप लागल्यावर त्यांच्या हातात उरलेली मोठी चावी तीच.

आणि क्वालिफायिंगनंतर टायर पुरवणारी पिरेली प्रत्येक ड्रायव्हरकडे कोणते टायर उरलेत, किती नवे, किती वापरलेले, त्याचा रंगीत तक्ता टाकते. त्यात पहिल्या रांगेतला आणि बारावा-तेरावा यांची नावं शेजारी ठेवून बघा. बाराव्याकडे एखादा संच जास्त नवा दिसला तर कागदावर तारीख टाकून त्याचं नाव लिहून ठेवा, आणि रविवारी रेस संपल्यावर इथेच येऊन सांगा तो कितवा आला.